मामाजीचे पस्तीस शेक

सासऱ्याचं तोंड कसं आहे हे मले लग्नाच्या चोवीस वर्षांनी समजलं. हसा, हसा. पण पाय मी त्याईचे हजार पायांतून वळखले असते. डाव्या अंगठ्याचं नख काळं, टाचेले मोठी भेग, अन् चप्पल नेहमी आतल्या अंगानं झिजलेली. उंद्री गावात आमच्या घराण्यात सून सासऱ्यासमोर मान वर करत नाई, बसत नाई, अन् बोलत तर नाईच नाई. मी जयमाला. बारावी पास आहो, बचत गटाची सचिव आहो, बँकेतल्या सायबाले उभ्या उभ्या दोन शब्द सुनावून येते. पण माहे सासरे पुंजाजी, ज्याईले मी मामाजी म्हणते, त्याईच्यासमोर मी मूग गिळून.

माणूस वाईट नव्हता. चौदा एकर रान स्वतः उभं राहून केलं, कोणाच्या बांधाले कधी हात लावला नाई. आवाज असा, का शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली तर फाट्यावरचा माणूस थांबे. गावात लग्न असलं अन् पंगत बसवाची असली का लोक माईक बाजूले ठेवत अन् म्हणत, पुंजाजीले सांगा, एका हाकेत सारे बसतीन. अन् बसत बी.

घरात मात्र ते बोलत नव्हते, खाकरत होते. बाहेरून आले का ओसरीवर दोनदा खाकरत. म्हणजे घरातल्या बाईनं समजून घ्याचं, मोठा माणूस आला, पदर घ्या, आत व्हा. माह्या मायनं लग्नाच्या आधी मले एवढंच शिकवलं होतं, 'सासरे खाकरले का दाराआड होजो.' माही सासू झुंबरबाई होती तवर सारं तिच्यातून चाले. मी तिले सांगू, ती त्याईले सांगे, त्याईचं उत्तर ती मले आणून दे. तीन पावलांवर माणूस बसलेला, अन् निरोप फिरून येई.

कोरोनाच्या साली झुंबरबाई गेली. माही पोरगी लग्न होऊन सासरी गेली. माहा नवरा गणेश एसटीत ड्रायव्हर, त्याची ड्युटी कधी सकाळची, कधी मुक्कामाची. मंग मी न् मामाजी भिंतीसंगं बोलाले लागलो. मी चौकटीले सांगत होती, 'चहा झाला म्हणा.' मामाजी ओसरीवरच्या बाजेले सांगत, 'साखर कमी टाका म्हणा.' कोणाले म्हणा? मांजराले म्हणा, नाईतर खुंटीले म्हणा. मी कप उंबऱ्यावर ठेवून मांगं सरकत होती, ते उचलून नेत. आमाले त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. आजूबाजूच्या चार घरांत असंच आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्याईचं खाकरणं वाढलं. दिवसातून दहा डाव, वीस डाव. मी भाकर थापता थापता उठत होती, पदर घेत होती, पिठाच्या हातानं दाराआड उभी राहत होती, अन् वाकून पाह्यलं तर म्हातारा बाजेवरच. कुठं येणं नाई, कुठं जाणं नाई. मनात म्हणत होती, बसल्या बसल्या काय खाकरता बाप्पा, माह्या कमरेचा काटा ढिला झाला उठबस करून. सात-आठ महिने मी त्या आवाजावर पदर घेत राह्यली.

गणेश बापाले दादा म्हणते. त्यात एक दिवस त्यानं जेवता जेवता सांगतलं, 'दादा म्हणते तिखट कमी कर.' मले असा राग आला म्हणता! चोवीस वर्षं माह्या हातचा ठेचा खाऊन ताटली पुसून ठेवली, अन् आता तिखट लागते? मी हट्टानं चार दिवस फिक्कं वरण अन् भात केला. ना मिरची, ना फोडणी. खा म्हणलं. त्याईनं ते गुपचूप खाल्लं. मले वाटलं, जिरली.

दिवाळी झाली अन् मामाजीच्या श्वासाचा आवाज याले लागला. निजले का घरघर, बसले तरी घरघर. चिखलीच्या डॉक्टरनं गळ्यात बॅटरी मारून पाह्यलं अन् तसंच संभाजीनगरले पाठवलं. तिथं तुकडा काढून तपासला. आवाजाची पेटी असते गळ्यात, तिथं कॅन्सर. गाठीनं श्वासाची वाट दाबली होती, म्हणून गळ्याले समोरून भोक पाडून नळी बसवली. गिळणं बंद झालं होतं, म्हणून नाकातून पोटापर्यंत दुसरी नळी. आवाज गेला. धुऱ्यावरून माणूस थांबवणारा आवाज एका दुपारी गेला.

डॉक्टर गणेशले म्हणले, चार-सहा महिने आधी आणलं असतं तर गळ्याला भोक पाडावं लागलं नसतं. गणेश घरी कपडे न्याले आला तवा त्यानं मले हे सांगतलं. मी उभीच होती. तो बॅगेत धोतरं भरता भरता थांबला अन् म्हणला, 'दादानं मले सांगतलं होतं एकदा, तिखट गळ्याले लागते म्हणून. मले वाटलं, भाजी तिखट झाली.' मंग माह्याकडं पाहून म्हणला, 'तुले काही दिसलं नाई? मी तं ड्युटीवर. तू तं घरातच असते.'

मी राह्यलेलं धोतर घडी करून बॅगेत ठेवलं. तू तं घरातच असते. खरं होतं ते. मी घरातच होती, अन् वीस-वीस डाव पदर घेऊन राह्यली होती.

त्या दिवसापासून मले काही वाटेनासं झालं. खरं सांगते. दाताचा डॉक्टर सुई देते अन् गाल आपला नाई असं वाटते, तसं सारं अंग. लोक पाहाले येत, मी चहा करत होती. कोणी रडलं तर पाणी देत होती.

आता पुढचं ऐका. रेडिएशनले आमच्याकडं शेक म्हणतात. पस्तीस शेक सांगतले. हप्त्याले पाच, म्हणजे सात हप्ते, अन् मध्ये खाडा नाई. संभाजीनगरात खोली करून राहाचं, रोज दवाखान्यात न्याचं, दर अडीच-तीन घंट्याले नळीतून पातळ अन्न द्याचं, गळ्याची नळी धुवाची. कोण करीन? गणेशची पंधरा दिवसांची रजा ऑपरेशनमध्येच खपली. नणंद सुचिता पुण्यात नोकरीले, तिनं फोनवर व्हिडिओ लावून सगळ्याईले भाषण दिलं. उंटावरून शेळ्या हाकाले काय जाते?

मी चौकटीआडून म्हणलं, 'मी जाते म्हणा.'

किसनराव, माहे चुलत सासरे, ओसरीवर बसले होते. ते म्हणले, 'सुनेनं सासऱ्यासंगं एका खोलीत राहाचं? अन् अंगाले हात लावाचा? पुंजाजीले ते चालणार नाई, अन् आपल्याले शोभणार नाई.' मामाजी बाजेवर होते. त्याईनं मान हलवली. नाई.

शेवटी सुचितानंच एका संस्थेतून दिवसाची बाई लावून दिली. ठरलं असं, का बाई सकाळी येईन, संध्याकाळी जाईन, नळीचं सारं तीच करीन. मी फक्त रांधाचं, धुवाचं, पडद्याआड राहाचं. अशी आमची बंदोबस्ताची सभा पार पडली. रोग्याले कोण वाचवीन यापेक्षा त्याले कोण शिवीन यावर जास्त वेळ गेला.

खोली दवाखान्याच्या मांगच्या गल्लीत मिळाली. दहा बाय बाराची. एका अंगाले मामाजीची खाट, दुसऱ्या अंगाले गॅस अन् माही सतरंजी, मधात मी दोरी बांधून चादर टाकली. दाराआड व्हाले दारच नव्हतं, म्हणून चादरीआड.

बाई आली तिचं नाव धम्मशीला. चाळिशीची, सिंदखेडराजाकडची, लग्नानंतर शहरातच. येताच हात धुतले, बाह्या वर केल्या, अन् मामाजीले म्हणली, 'मामा, मी धम्मशीला. आता सात हप्ते माझीच कटकट आहे तुम्हाला.' नाव ऐकून मामाजीनं तोंड थोडं फिरवलं. मले चादरीच्या फटीतून दिसलं. आमच्या गोठ्यात मजुरायच्या कपबशा वेगळ्या राहत, ज्याच्या त्यानं धुवून खुंटीले अडकवाच्या. मी बी कधी त्याले हात लावला नव्हता. लाज वाटते आता सांगाले, पण सांगते.

धम्मशीलाबाईनं ते फिरवलेलं तोंड पाह्यलं. तिनं आयुष्यभर पाह्यलं असंन. सिरिंज भरली अन् म्हणली, 'मामा, नळीतून खाली गेलं की पोट काही जात विचारीत नाही. घ्या.' मामाजीनं घेतलं. दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं नाई. चौथ्या दिवशी ती यायच्या वेळेले ते दाराकडं पाहाले लागले.

म्हणजे पाहा. परकी बाई चालली, जात चालली, सून चालत नव्हती. मी मुगाचं वरण शिजवून गाळून देत होती, दूध, नाचणीचं पातळ, पावडर, सारं चादरीखालून सरकवत होती. ती खालून वाटी घेत होती. एक दिवस तिनं वाटी घेतलीच नाई. म्हणली, 'वहिनी, असं चादरीखालून कोंबड्यांना टाकतात. इकडं या अन् शिकून घ्या. माझी पोरगी पोटुशी आहे, मला कधीबी जावं लागंल.' मी नाई म्हणलं. पण मामाजी दुपारी निजले का तिनं मले नळी कशी धुवाची, सिरिंज किती उंच धराची, खोकला आला तर काय कराचं, हे सारं एका उशीवर शिकवलं. उशीले नाव ठेवलं होतं पुंजाजी. मी शिकत होती, हात चालत होते. आत काही नव्हतं.

अठरा शेक झाले अन् धम्मशीलाबाईच्या पोरीले तारखेच्या आधीच दवाखान्यात न्यावं लागलं. तिचा सकाळी फोन आला, 'सात-आठ दिवस नाही जमणार वहिनी, तुम्हाला येतं सारं.' संस्थेले फोन केला तर ते म्हणले, दुसरी बाई पुढच्या हप्त्यात. गणेशले एक दिवसाची सुट्टी मिळाली, त्यानं एक दिवस नळीतून दिलं, अन् गेला.

दुसऱ्या दिवशी मी पदर नाकापर्यंत ओढून सिरिंज घेऊन खाटेपाशी गेली. मामाजीनं भिंतीकडं तोंड केलं. मी म्हणत होती, 'घ्या म्हणा.' भिंतीले म्हणत होती. त्याईनं नळीचं टोक मुठीत धरून ठेवलं. गळ्याची नळी ते स्वतः कशीबशी काढून धूत, पण नाकातली नळी एकट्यानं होत नव्हती. मी शेजारच्या खोलीतल्या माणसाले हातापाया पडून बोलावलं. तोही आपल्या भावाले सांभाळून राह्यला होता. पण त्यानं सिरिंज अशी दाबली का सारं उलटून नाकातोंडातून आलं. त्यानंतर मामाजी त्याले बी हात लावू देईनात.

तीन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाई. तेही ते स्वतःच नळीत ओतत, किती गेलं देव जाणे. सोमवारी दवाखान्यात काट्यावर उभं केलं. डॉक्टरनं कागद पाह्यला, काटा पाह्यला, अन् माह्यावर ओरडले. 'बाई, काय चाललंय? अडीच किलो गेले. शेक देताना चेहऱ्यावर बसवतो तो मास्क ढिला पडायला लागलाय. आणखी वजन गेलं तर शेक थांबवावे लागतील, अन् मधेच थांबवले तर आतापर्यंतचे फुकट. तुम्ही यांच्या कोण?'

'सून,' मी म्हणलं. मामाजी बाजूले होते म्हणून तेही हळूच.

रिक्षात आम्ही दोघं दोन टोकाले बसलो. माह्या डोक्यात एकच चालू होतं. आवाज तर माह्या कानासमोर गेला. आता माणूस माह्या डोळ्यासमोर जाऊन राह्यला, अन् मी पदर धरून बसली आहो. उंद्रीले परत गेल्यावर गणेश पुन्हा विचारीन, तू तं तिथंच होती ना?

खोलीत आलो. मामाजी खाटेवर लवंडले अन् भिंतीकडं वळले. मी वरण गाळलं, कोमट केलं, सिरिंज भरली. मंग चादर अशी ओढली का दोरीच तुटली. स्टूल घेतला, खाटेची ती भिंतीकडची बाजू होती ना, खाट सरकवून तिकडं गेली, अन् त्याईच्या तोंडासमोर बसली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्याईच्यासमोर बसली. पदर घसरला. घसर म्हणलं.

'मामाजी, इकडं पाहा.'

त्याईनं डोळे मिटले.

'डोळे मिटून काही होत नाई. मी बोलून राह्यली, तुमच्यासंगं बोलून राह्यली, भिंतीसंगं नाई. तुमचा मान, तुमची मर्यादा, सारं मान्य. पण मेल्यावर ती मर्यादा ठेवसान कुठं? धम्मशीलाबाईच्या हातचं चालते, माह्या हातचं काऊन नाई चालत? चोवीस वर्षं कोणाच्या हातचं जेवले? भूत येऊन भाकरी थापून जात होतं का घरात?'

माहा आवाज शेजारच्या खोलीत गेला असंन. गल्लीत बी गेला असंन. मले थांबता येईना.

'उंद्रीतले लोक माह्या तोंडात शेण घालतीन ते घालो. पण मले तुम्हाले उपाशी मारून घरी न्याचं नाई. चौदा शेक राह्यले. तेवढे होऊ द्या. मंग पुन्हा जन्मात माह्यासंगं बोलू नका, मी दाराआड मरून जाईन. पण आता हे पोटात जाऊ द्या.'

त्याईनं डोळे उघडले. तवा मी तोंड पाह्यलं. डोळे घारे. मले माहीतच नव्हतं. गणेशचे काळे आहेत, म्हणजे ते झुंबरबाईवर गेले. वरच्या ओठावर जुना व्रण, बैलाचं शिंग लागलं असंन. गाल आत गेलेले, पांढऱ्या दाढीचे खुंट वाढलेले. ते बी माह्याकडं पाहून राह्यले होते. त्याईनं तरी मले कवा पाह्यलं होतं? लग्नात पाह्यलं असंन, मुंडावळ्यांमागं.

मंग त्याईनं मूठ सोडली अन् नळीचं टोक माह्या हातात दिलं.

मले वाटलं, आता रडू येईन. नाई आलं. दोनशे मिली हळूहळू सोडलं, वरून पाणी सोडलं, टोपण लावलं, कागदावर वेळ लिहिली. मंग दुसऱ्या वेळेची तयारी केली. रडाले वेळ होता, पण रडूच नव्हतं.

चादर पुन्हा बांधली नाई. तुटलेल्या दोरीचा तुकडा कपडे वाळवाले कामी आला. धम्मशीलाबाई नातू पाहून परत आली तर मी स्टुलावर बसून मामाजीच्या गळ्याची नळी साफ करून राह्यली होती. ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. 'बाई बाई बाई! म्हणजे माझी नोकरी गेली म्हणायची!' मामाजीच्या पोटातून हसल्यासारखा हबका आला, अन् नळीतून शिट्टी वाजली. आम्ही दोघी बी हसलो. तेवढं एक हसणं मले आठवते.

किसनराव एकदा पाहाले आले. मी उघड्या डोक्यानं सासऱ्यासमोर बसलेली. ते चप्पल हातात घेऊन उंबऱ्यावरच थांबले. मी उठली नाई. म्हणलं, 'बसा काका, एवढं देऊन होते अन् चहा टाकते.' ते बसले. चहा घेतला. गावात जाऊन काय सांगतलं ते मले कानावर आलं, पण कानावर येऊन तिथंच राह्यलं.

वजन थांबलं. मंग दीड किलो चढलं. गळ्याची कातडी भाजून काळी पडली, मी मलम लावत होती. रोज शेकाले नेत होती, आणत होती. आम्ही दोघं दिवसभर समोरासमोर. मी बोलत होती, ते मान हलवत, बोट दाखवत. 'पाणी?' हाव. 'दुखते?' थोडं. 'पंखा लावू?' नाई. अशी एवढी-एवढी बोलणी.

एकच विचाराचं होतं मले, अन् तेच विचारलं नाई. कवापासून दुखत होतं? मी पदर घेत होती तवा दुखत होतं का? मी फिक्कं वरण वाढलं, ते खाताना बी दुखत होतं का? मान हलवाले आवाज लागत नाई. विचारलं असतं तर उत्तर भेटलं असतं. म्हणूनच विचारलं नाई. दर डावाले सिरिंज भरता भरता तोंडापाशी येई अन् मी म्हणत होती, 'आज वरणात थोडं तूप घातलं.'

जानेवारीच्या शेवटी पस्तिसावा शेक झाला. गणेश गाडी घेऊन आला होता, तो खालच्या दुकानात औषधं आणाले गेला. सुट्टीचा कागद लिहाले एक नवी डॉक्टर पोरगी होती, आमाले आधी कधी न पाह्यलेली. तिनं गळ्यात दुर्बीण टाकून तपासलं अन् म्हणली, 'छान, गाठ बरीच उतरलीय. आजोबा, आता नळीवर बोट ठेवून बोलून पाहा बरं. हवा वर जाते का बघू.'

मामाजीनं बोट गळ्याच्या नळीवर ठेवलं. आधी नुसती हवा. तिनं पुन्हा करा म्हणलं. पुन्हा केलं. मंग बारीक, घोगरा आवाज आला, 'हाव.'

मले ते ऐकू आलं. मी फाईल घट्ट धरली. सात हप्त्यांत पहिल्यांदा छातीत काहीतरी हललं.

'अरे वा,' डॉक्टर पोरगी म्हणली. 'मग आता तुम्हीच सांगा, मी कागद नव्यानं लिहितेय. त्रास किती दिवसांपासून होता? इथं मुलानं दोन महिने सांगितलंय.'

मी खाली पाह्यलं. तेच काळं नख, तीच भेग.

'साल झालं,' मामाजी म्हणले.

तिचा पेन थांबला. 'वर्ष? वर्षभर दुखत होतं, आणि तुम्ही कोणालाच सांगितलं नाही?'

त्याईनं बोट काढलं, श्वास घेतला, पुन्हा ठेवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. तक्रार बी नव्हती. कोणत्या गाडीनं आलो ते सांगावं, तसं सांगतलं.

'कोणाले सांगू? घरात बोलाले कोणी नव्हतं.'

डॉक्टरनं मान हलवली अन् लिहून घेतलं. मी त्याईच्या बाजूलेच बसली होती.